तिथी पाहून समुद्राकडे

सुटीचे नियोजन हा प्रकार आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी घरांतून फारसा नव्हता. मे महिना लागला की आजोळी जायचे, एवढेच ठरलेले असे. किती दिवस आणि कशासाठी, हे कोणी विचारीत नसे. पुढे शासकीय सेवेत दौरा कार्यक्रम आखण्यात आमची हयात गेली. पण मुलांच्या सुटीचाही रीतसर कार्यक्रम आखावा लागतो, हे आम्ही २०२५ च्या मे महिन्यात इंग्लंडात, रेडिंग येथे चिरंजीवांच्या घरी प्रथमच पाहिले. समुद्रकिनारी एक आठवडा घालवायचा, एवढाच विषय. पण त्याच्या बैठका चार झाल्या.

पहिला प्रश्न तारखांचा. तिथल्या शाळांची उन्हाळी सुटी जुलैच्या उत्तरार्धापासून जेमतेम सहा आठवड्यांची. तेवढ्यात सारा देश समुद्राकडे लोटतो आणि किनाऱ्यावरील घरांची भाडी चढतात. शाळा चालू असताना मुलांना परवानगीवाचून पाच दिवस न्यावे, तर ऑगस्ट २०२४ पासून दंडाची रक्कम वाढलेली: दर मुलामागे, दर पालकामागे ८० पौंड, आणि एकवीस दिवसांत न भरल्यास १६०. दोन मुले, दोन पालक. आम्ही मनातल्या मनात ३२० चा आकडा मांडला आणि ऑगस्टच्या बाजूने मत दिले.

तारखांमागे आणखीही एक हिशेब होता, तो कोणी कागदावर मांडला नाही. नात अकरा वर्षांची, सप्टेंबरपासून माध्यमिक शाळेत जाणार. सूनबाई सहज बोलून गेल्या, "पुढच्या वर्षी तिला आपल्याबरोबर यावंसं वाटेलच असं नाही, बाबा." आमचेही गुडघे दर वर्षी विमानात बसू देतील, याची हमी नव्हती. तो आठवडा त्यामुळे फार मोलाचा झाला.

दुसरा प्रश्न स्थळाचा. आठ वर्षांच्या नातवाला वेमथ हवे होते. तिथे सपाट वाळू आणि दूरवर उथळ पाणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा जॉर्ज तिथे समुद्रस्नानासाठी येऊ लागला आणि गावाचे नाव झाले. नातीने मात्र लाइम रेजिसचा हट्ट धरला. कारण मेरी ॲनिंग. सुताराची ही गरीब मुलगी १७९९ साली त्या गावी जन्मली आणि बारा-तेरा वर्षांची असताना तिने तिथल्या कड्यातून एका प्रचंड सागरी सरड्याचा सांगाडा उजेडात आणला. विद्वानांच्या भूगर्भ संस्थेत स्त्री म्हणून तिला प्रवेश नव्हता. तिचा पुतळा २०२२ साली गावात उभा राहिला, तोही एका शाळकरी मुलीने आरंभलेल्या मोहिमेतून. एवढी टिपणी जोडल्यावर प्रस्ताव मंजूर होणारच. नातवाला लाइमच्या पुळणीवरील वाळूचे आश्वासन मिळाले.

तिसरा प्रश्न ओहोटीचा, आणि इथे आम्हांला सभेत स्थान मिळाले. लाइमच्या किनाऱ्यावर जीवाश्म वेचायचे तर पाणी उतरत असतानाच जावे लागते. कड्याच्या पायथ्यापासून दूर राहायचे, कारण दरडी कोसळतात. आणि पाणी चढण्यापूर्वी परतायचे. नातू भरतीचे वेळापत्रक घेऊन बसला होता. आमच्या आजोबांनी रत्नागिरी सोडून होळकरांच्या राज्यात चाकरी धरली, पण एक गणित ते विसरले नव्हते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. आम्ही ते नातवाला सांगितले. त्याने लगेच पडताळून पाहिले आणि "आबा, चुकतंय," असा निर्णय दिला. बरोबरच होते, प्रत्येक बंदराची घडी निराळी. पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येते, हे दोन्हीकडे सारखेच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हेही सारखेच. लाइमला उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी भर दुपारी लागते, असे त्यानेच शोधून काढले. आम्ही पंचांग उघडले. ९ ऑगस्टला, शनिवारी, पौर्णिमा! आठवडा ठरला.

वाचकहो, आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांच्या बोलण्यात उधाण येते ते केवळ उत्साहाला, आणि भांग म्हटली की होळीच आठवते. हे शब्द आम्ही तीन पिढ्या उसने वापरीत होतो. त्यांच्यामागचे पाणी आम्ही पाहिलेच नव्हते. त्या कागदावर नातवाने रकाने आखले आणि इंग्रजी वेळेपुढे मोडक्यातोडक्या अक्षरांत 'उधाण' लिहिले, तेव्हा एक गोष्ट मनावर ठसली. नातवंडांचे मराठी टिकावे म्हणून आम्ही गोष्टींची पुस्तके नेली, श्लोक शिकवले. ती मुले निमूटपणे ऐकत आणि विसरत. हा शब्द मात्र त्यांना हवा होता, कारण त्यावाचून त्यांचे काम अडले होते. भाषेला घरात मान असतो, पण काम नसते. आणि काम नसलेली वडीलधारी माणसे जशी कोपऱ्यात बसतात, तशी तीही बसते.

आठवडा आखल्याप्रमाणे पार पडला, असे म्हणणार नाही; दोन दिवस पावसाने खाल्ले. पौर्णिमेच्या रात्री भाड्याच्या घरात नारळीभात झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाला वाळूत शंखासारख्या वेटोळ्याचा, बोटभर रुंदीचा एक दगड सापडला: अमोनाइट, वय सुमारे एकोणीस-वीस कोटी वर्षे. आमच्या सौभाग्यवतींनी तो तळहातावर फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आपला शाळिग्राम." ते खरेच आहे. गंडकीच्या पात्रातील शाळिग्राम म्हणजे याच कुळीच्या प्राण्यांचे जीवाश्म होत. नातीने विचारले, "मग आजी, इंदूरच्या देवघरात ठेवशील?" सौभाग्यवतींनी दगड धुऊन नातवाच्या हातात परत दिला. "नको. तिकडे आहे एक. हा तुमच्या घरी असू दे."

आम्ही परतून आता बरेच दिवस झाले. फोनवर नातू अजूनही मधूनच विचारतो, "आबा, आज तिथी कोणती?" इंदूरला समुद्र नाही, तरी आम्ही पंचांग पाहून सांगतो.