विहिरीवरचे इंजिन

मुरुडला आमच्या विहिरीवर वडिलांनी बसविलेले डिझेल इंजिन आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा आमची विहीरही आटलेली. धाकटा म्हणाला, “दादा, मोडीत घालू या.” पण बसून राहिलेले इंजिन चालत्यापेक्षा लवकर मरते! पंधरवड्याला पंपाचा पट्टा काढावा, पिंपातले पाणी इंजिनात फिरते ठेवावे, अन् दहा मिनिटे चालवावे. डिझेल गाळूनच घालावे. नळीतली हवा काढावी. ऑइल वेळेवर बदलावे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला असावा, उलटा झटका मनगट मोडतो. त्याच पावसाळ्यात विहीर भरली. इंजिन तिसऱ्या फेऱ्याला बोलले. धाकट्याने मुकाट्याने पट्टा चढवला.