बग सापडला!

मागच्या शनिवारी गावी गेलो तर मिरचीची पानं मुरडलेली. "फुलकिडे आहेत. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही," अण्णा म्हणाले.

भाचीचा शाळेचा मायक्रोस्कोप घेतला आणि पान खाली धरलं. फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा, पाय सहा, पंखांना केसांची झालर. इथे तर पंखच नाहीत, पाय आठ! म्हणजे कोळी. त्याचं औषधच वेगळं. बग न बघताच पॅच मारणं चाललं होतं :)

"पानं खालच्या बाजूला वळली होती, तेव्हाच शंका आली. पण हल्ली जवळचं दिसत नाही रे," अण्णा हळूच म्हणाले.

दर रविवारी फोनवर मी मिरचीचं विचारतो. डोळ्यांचं कधी विचारलंच नव्हतं.