बॅसिलपासून व्हिक्टरपर्यंत

ब्रिटिश विनोदी मालिकेचा एक हंगाम सहसा सहा-सात भागांचा असतो आणि असे दोन-तीन हंगाम झाले की मालिका गाशा गुंडाळते. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग १२. सहा १९७५ सालचे, सहा १९७९ सालचे. 'द ऑफिस' १४ भागांत आटोपली, तिचीच अमेरिकी आवृत्ती मात्र २०१ भाग चालली. एका गैरसमजावर दोन महिने काढणाऱ्या दैनंदिन मालिकांची सवय असलेल्या घरात हे आकडे फारच काटकसरीचे वाटतात. कारण साधे आहे. अमेरिकेत अशी मालिका लेखकांचा ताफा एका खोलीत बसून लिहितो. ब्रिटनमध्ये ती बहुधा एकटा लेखक किंवा दोघांची जोडी लिहिते. 'फॉल्टी टॉवर्स' जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोने लिहिली आणि दुसरा हंगाम पडद्यावर येईतो त्यांचा घटस्फोटही झाला होता. लेखकाकडचे संपले की मालिका संपते. बीबीसीचा देशांतर्गत खर्च जाहिरातींऐवजी मुख्यतः प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालत असल्याने हे तिला परवडतेही. अपवाद आहेत आणि तेही दणदणीत. 'कॉरोनेशन स्ट्रीट' डिसेंबर १९६०पासून आजतागायत चालू आहे, आणि 'लास्ट ऑफ द समर वाइन'चे १९७३ ते २०१० या काळातले सगळे २९५ भाग एकट्या रॉय क्लार्क यांनी लिहिले.

थोडक्या भागांमुळे या मालिका पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात आणि पाहणाऱ्याचे वय दर खेपेला वाढलेले असते. त्यातली माणसे मात्र जागची हलत नाहीत. ब्रिटिश विनोदाचा नायक बहुधा अडकलेला असतो: आवडत नसलेल्या धंद्यात, न मिळालेल्या बढतीत, आपल्याहून वरच्या समजल्या जाणाऱ्या वर्गाच्या दाराशी. अर्ध्या तासात तो सुटकेची धडपड करतो आणि शेवटी होता तिथेच येऊन बसतो. मराठी प्रेक्षकाला हा नमुना परका नव्हता. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव याच जातकुळीचा, आणि मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकात दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने तो घराघरांत आणलाही होता.

लहानपणी यातले काहीच लागत नाही. त्या वयाचा विनोद शरीराचा असतो, म्हणून 'मिस्टर बीन' सर्वांत आधी भेटतो. रोवन ॲटकिन्सनचा हा बीन १ जानेवारी १९९०ला पहिल्यांदा पडद्यावर आला. तो जवळजवळ बोलतच नाही, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या आजीला आणि शाळेत न जाणाऱ्या नातवाला तो एकाच वेळी कळतो. त्याच्या आधीच्या पिढीला ही दीक्षा 'माइंड युअर लँग्वेज'ने दिली. १९७७ ते १९७९ या काळात ब्रिटनमध्ये झालेली ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. लंडनमधला इंग्रजीचा रात्रवर्ग, सालस मास्तर मिस्टर ब्राउन आणि देशोदेशींचे विद्यार्थी एवढाच तिचा ऐवज. त्यात क्षणोक्षणी माफी मागणारा रणजीत सिंग होता आणि वर्गात विणकाम करत बसणारी जमीला. ब्रिटनमध्ये तिच्यावर परदेशी माणसांची साचेबंद थट्टा केल्याची टीका झाली आणि ती रास्तच होती. भारतात मात्र आपलीच टवाळी लोकांनी मनापासून मान्य केली आणि १९९३मध्ये पंकज कपूर यांना हिंदीचा मास्तर करून 'जबान संभालके' काढली.

या थट्टेची परतफेड वीस वर्षांनी झाली. 'गुडनेस ग्रेशस मी' १९९८मध्ये टीव्हीवर आली तेव्हा ती ब्रिटिश आशियाई कलावंतांनीच लिहिली आणि वठवली होती; त्यांतल्या निना वाडिया मूळच्या मुंबईच्या. तिच्या एका प्रसिद्ध प्रहसनात मुंबईतले टोळके रात्री पिऊन 'इंग्लिश' खायला हॉटेलात जाते, गोऱ्या वेटरचे नाव मुद्दाम चुकीचे उच्चारते आणि सर्वांत अळणी पदार्थ कुठला ते विचारते. शुक्रवारी रात्री करी खायला जाणाऱ्या गोऱ्यांची ही नक्कल आहे, हे कळायला थोडे जग पाहिलेले असावे लागते.

'फॉल्टी टॉवर्स'ची खरी मजा तारुण्यात येते. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलात क्लीझ यांच्या मॉन्टी पायथन या विनोदी चमूची मंडळी १९७०मध्ये उतरली होती. तिथल्या तुसड्या मालकाचा अनुभव क्लीझ यांनी मनात ठेवला आणि त्यातून बॅसिल फॉल्टी घडला. गिऱ्हाइकांमुळे हॉटेल नीट चालवता येत नाही, अशी त्याची मनोमन तक्रार आहे. 'गुर्मे नाइट' या भागात त्याने खास पाहुण्यांना जेवायला बोलावले आहे, आचारी दारू पिऊन आडवा झाला आहे आणि दुसरीकडून जेवण आणताना गाडी बंद पडते. बॅसिल गाडीला शेवटची ताकीद देतो, मग तरातरा पडद्याबाहेर जातो. दोनतीन क्षण समोर फक्त गाडी दिसते. तो परततो तो झाडाची मोडलेली फांदी घेऊन, आणि मुलाला धोपटावे तशी गाडी धोपटतो. हशा फांदीपेक्षा त्या रिकाम्या दोनतीन क्षणांचा आहे.

विशीत हा प्रसंग निव्वळ विदूषकी वाटतो. पुढे कर्ज, धंदा, नोकरी यांतले काही अंगावर पडले की फांदी शोधायला गेलेला माणूस ओळखीचा वाटू लागतो. आणखी काही वर्षांनी नजर बॅसिलच्या बायकोकडे, सिबिलकडे जाते. प्रुनेला स्केल्स यांची सिबिल सिगरेट ओढत फोनवर मैत्रिणीशी तासन्‌तास बोलते म्हणून आधी ती आळशी वाटलेली असते; प्रत्यक्षात हॉटेल तीच चालवते आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०००मध्ये शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात ही मालिका पहिली आली.

नोकरी लागल्यावर 'येस मिनिस्टर'ला पर्याय नाही. अँटनी जे आणि जॉनथन लिन यांची ही मालिका फेब्रुवारी १९८०मध्ये सुरू झाली आणि 'येस प्राइम मिनिस्टर' धरून १९८८ पर्यंत तिचे ३८ भाग झाले. मंत्री जिम हॅकर, त्याचा सचिव सर हम्फ्री ॲपलबी आणि मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड वुली, या तिघांच्या खोलीबाहेर ती क्वचितच जाते. हॅकरचा पक्ष कोणता, हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. १९८१च्या एका भागात मंत्र्याला कळते, की एका नव्या रुग्णालयात पाचशे कर्मचारी आहेत आणि रुग्ण एकही नाही. तो पाहणीला जातो. वॉर्ड लखलखीत, यंत्रे नवी, खाटा रिकाम्या. प्रशासक बाई अभिमानाने सांगतात, की हे देशातले अत्यंत सुरळीत चालणारे रुग्णालय आहे आणि स्वच्छतेच्या पारितोषिकासाठी त्याचा विचार होतो आहे. हम्फ्रीचे म्हणणे तर आणखी पुढचे: रुग्ण नसले म्हणून काय झाले, प्रशासनाचे काम तर थांबत नाही.

मंत्रालयात एखाद्या कागदामागे हिंडलेल्या माणसाला हे अतिशयोक्त वाटत नाही. भारताची सचिवालये त्याच घाटाची असल्याने हम्फ्रीची लांबलचक वाक्ये इथे विनासायास समजतात. 'स्टार प्लस'वर २००१मध्ये 'जी मंत्रीजी' आली तेव्हा फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव झाले आणि कथानके फारशी बदलावी लागली नाहीत. खुद्द मार्गारेट थॅचर यांना मूळ मालिका इतकी आवडे, की जानेवारी १९८४मध्ये त्यांनी हॅकर झालेले पॉल एडिंग्टन आणि हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न यांच्यासोबत एक छोटे प्रहसनच केले. त्यांना हॅकरचे हसू येत होते की हम्फ्रीचा राग, हा प्रश्न उरतोच. सामान्य प्रेक्षक विद्यार्थीदशेत हॅकरच्या बाजूचा असतो. दहा वर्षे कचेरीत काढल्यावर हम्फ्रीचे बरेचसे बोलणे पटू लागते, आणि त्याचीच धास्ती वाटते. शेवटी बहुतेकांची जागा बर्नार्डची ठरते: साहेब दोन, आणि दोघांनाही 'हो' म्हणायचे.

'डॅड्स आर्मी'चेही तसेच. १९६८ ते १९७७ या काळात ८० भाग झालेली ही मालिका वरवर पाहता दुसऱ्या महायुद्धातल्या म्हाताऱ्या होमगार्डांची आहे. तिचा गाभा मात्र बँकेत आहे. कॅप्टन मॅनरिंग हा बँकेचा व्यवस्थापक, कष्टाने वर आलेला. त्याचा सार्जंट विल्सन हा बँकेतला हाताखालचा कारकून, पण खानदानी. वरिष्ठाला हुकूम ओरडून द्यावे लागतात आणि कनिष्ठ नुसता मऊ आवाजात शंका काढून त्याला खाली आणतो. इंग्लंडची वर्गव्यवस्था समजावणारे याहून चांगले पुस्तक नाही.

संसार थाटल्यावर भेटते ती 'कीपिंग अप ॲपिअरन्सेस'मधली हायसिंथ. १९९० ते १९९५ मधली ही मालिकाही रॉय क्लार्क यांचीच. पॅट्रिशिया राउटलेज यांची हायसिंथ फोन उचलताच आपले आडनाव फ्रेंच थाटात उच्चारते, मेणबत्त्यांच्या उजेडातल्या मेजवान्यांची आमंत्रणे देते आणि बनियनवर फिरणारा मेव्हणा ऑन्स्लो शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून धडपडते. ही बाई कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत सापडेल. खरे तर मालिका एकाच विनोदावर चालते आणि सलग पाहिली तर कंटाळा येतो. आठवड्याला एक भाग हेच तिचे योग्य प्रमाण.

गंभीर मालिकांची गोडी सहसा उशिरा लागते, कारण त्यांचा वेग संथ आणि बोलणे मोजके. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'ने १९७१मध्ये मालक वर आणि नोकर खाली असे घर उभे केले. 'डाउनटन ॲबी'ने चाळीस वर्षांनी तेच अधिक देखणे आणि बरेच गुळमट करून विकले. ॲलन ब्लीसडेल यांची १९८२ची 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' दुसऱ्या टोकाची. त्या साली ब्रिटनमधले बेरोजगार तीस लाखांवर होते. लिव्हरपूलचा योसर ह्यूज मुलांना सोबत घेऊन भेटेल त्याच्याकडे काम मागत फिरतो, आणि त्याचे हे मागणे आधी विनोदी, मग असह्य होत जाते.

भारतीय प्रेक्षकाला सर्वांत जवळची 'द ज्युएल इन द क्राउन'. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा कंपनीने केलेली ही १४ भागांची मालिका १९८४मध्ये आली. स्कॉट १९७८मध्येच वारले होते. आर्ट मलिक यांचा हरी कुमार इंग्लंडच्या उंची शाळेत वाढलेला. तो मयापूर या काल्पनिक गावी येतो तेव्हा गोऱ्यांना तो नेटिव्ह असतो आणि नेटिव्हांना साहेब. पोलीस अधिकारी मेरिक त्याचा छळ करतो. पहिल्यांदा पाहताना मेरिक हा सरळसोट खलनायक दिसतो. पुढे लक्षात येते, की त्याच्या द्वेषाचे मूळ रंगाइतकेच शाळेत आहे: मेरिक साध्या घरातला, आणि ज्याला तो खालचा मानतो त्याचे इंग्रजी त्याच्याहून उच्चकुलीन आहे. टिम पिगॉट-स्मिथ यांनी ही जळजळ एकदाही आवाज न चढवता दाखवली आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीयांच्या तीन पिढ्या हरीमध्ये स्वतःला पाहतात, पण मालिका मोठी होते ती मेरिकमुळे.

'द ऑफिस' (२००१ ते २००३) चाळिशीतल्यांची. मागून हशा नाही, कॅमेरा माहितीपटाचा, गाव स्लाव, कंपनी कागद विकणारी. रिकी जर्व्हेसचा डेव्हिड ब्रेंट हा साहेब लोकप्रिय असल्याच्या भ्रमात जगतो. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याला काढून टाकतात, तेव्हा सगळे सोंग गळून तो नोकरीसाठी गयावया करतो. तोवर हसणाऱ्या प्रेक्षकाने इकडेतिकडे पाहावे असा तो क्षण आहे.

आणि निवृत्तीनंतर 'वन फुट इन द ग्रेव्ह'. डेव्हिड रेनविक यांच्या या मालिकेत (१९९० ते २०००) साठीच्या व्हिक्टर मेल्ड्रूला नोकरीवरून काढून त्याच्या जागी एक स्वयंचलित खोके बसवतात. १९९३च्या 'द ट्रायल' या भागात रिचर्ड विल्सन यांचा व्हिक्टर अर्धा तास एकटाच पडद्यावर आहे. न्यायालयातून ज्युरीच्या कामाचे बोलावणे येईल म्हणून तो घरी थांबला आहे, आणि ते येत नाही. बाहेर पाऊस. तो वैद्यकीय कोश वाचून स्वतःला रोग जडवून घेतो, फोनवर भांडतो. मग खालच्या संडासाचे दार उघडतो तर त्याने मागवलेले युक्काचे रोप तिथे लावलेले, भांड्यातच, मातीसकट. आणणाऱ्याला त्यानेच ते संडासात ठेवायला सांगितले होते. पुढे शेवटच्या भागात व्हिक्टर मोटारीखाली सापडून मरतो. विनोदी मालिकेचा नायक असा मारण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले आहे. 'द ट्रायल' मात्र पन्नाशीच्या आत पाहण्यात फारसा अर्थ नाही. आधी पाहिला असेल तर साठीनंतर तो नव्याने पाहावा, आणि शक्यतो एकट्याने.