चाकणच्या वाटेवर

चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां चाकणास निघालों. आमचे चिरंजीव तेथील एका मोटारींच्या कारखान्यांतर्फे जर्मनीस गेलेले. नातवाच्या बारशास तिकडे जावयाचें, म्हणून व्हिसाची खटपट चालली होती.

चाकणास एका दलालानें अल्प मोबदल्यांत विमानाचें हुबेहूब तिकीट 'बनवून' देण्याचें कबूल केलें. व्हिसा हातीं येण्यापूर्वीं दोघांच्या तिकिटांत मोठी रक्कम गुंतविण्याचा धीर होईना. आमचा हात खिशाकडे गेलाच होता. परंतु चौकशीअंतीं जें कळलें तें वाचकांच्याहि उपयोगीं पडेल. शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठीं जाण्यायेण्याचा बेत दाखवावा लागतो. तिकीट विकतच घेतलें पाहिजे असें नाहीं. विमानकंपनीकडे खरोखर जागा राखून ठेवल्याचा कागद बहुधा पुरतो. मुदतींत पैसे न भरल्यास ती जागा आपोआप सुटते. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. बनावट कागद उघडकीस आला तर नकार पदरीं येतो, आणि नकाराची नोंद ५ वर्षांपर्यंत राहते.

परततांना संग्रामदुर्गाचा भग्न तट पाहिला. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं तो शाएस्तेखानाविरुद्ध ५० हून अधिक दिवस लढविला. किल्ला अखेर गेला. पण इमान राहिलें. आम्हीं खरी जागाच राखविली. व्हिसा मिळो वा न मिळो, नातवाच्या पाळण्यापाशीं खोट्या कागदावर जावयाचें नाहीं, एवढें आमचें ठरलें.