गळ टाकणाऱ्यांचा दावा

इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे वगळून बार्बेल, टेंच, पाइक, कार्प यांपैकी एखाद्याच जातीच्या, तेही असाधारण वजनाच्या माशामागे वर्षानुवर्षे लागणाऱ्या हौशी मंडळींना 'स्पेशलिस्ट अँग्लर' म्हणतात. गाठी नसलेल्या मऊ जाळ्यात घेतलेला मासा ते ओल्या गादीवर ठेवतात, चिमट्याने गळ सोडवतात, झोळीत वजन करतात आणि त्याच्या अंगात जोर येईपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवतात. कालवणावर डोळा ठेवून गळ टाकणाऱ्याला हा सोपस्कार गमतीचा वाटेल. परंतु मासा पंधरा-वीस वर्षे जगून वाढेल अशी नदी टिकणे यातच या वर्गाचे हित असल्यामुळे त्याला वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे.

तेथील 'कॉमन लॉ'नुसार, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडत आलेल्या कायद्यानुसार, वाहत्या पाण्याचा मालक कोणीच नसला तरी काठच्या जमिनीच्या मालकाला ते पाणी नैसर्गिक स्थितीत मिळण्याचा हक्क असतो, आणि मासे धरण्याचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता असल्याने ती भाडेपट्ट्याने घेणारा मंडळासारखा समूहही प्रदूषण करणाऱ्यावर दावा लावू शकतो. हक्क असला तरी कारखान्याविरुद्धच्या दाव्याचा खर्च वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला झेपणारा नसतो, हे ओळखून जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरांनी 1948 मध्ये 'अँग्लर्स कोऑपरेटिव्ह असोसिएशन' स्थापन केली. डर्बीच्या मंडळाने डर्वेंट नदीसाठी लढवलेला खटला तिच्या प्रारंभीच्या काळातला आहे. कृत्रिम रेशमाचा कारखाना, अपुरी प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडणारी नगरपालिका आणि गरम पाणी सोडणारे वीजकेंद्र असे तिघे त्यात प्रतिवादी होते. मलनिःसारण हे कायद्याने सोपवलेले काम असल्याने आपल्याला मनाई करता येणार नाही, हा नगरपालिकेचा बचाव अपील न्यायालयाने फेटाळला. सुधारणेसाठी मुदत मात्र दिली. नुकसानभरपाई कारखानदार उत्पादनखर्चात धरून मोकळा होतो, मनाई हुकूम तसा पचवता येत नाही, म्हणून 1953 च्या निर्णयसंग्रहातील हा निकाल आजही आधारभूत मानला जातो.

मालमत्तेवर उभ्या असलेल्या या संरक्षणाची मर्यादाही उघड आहे. एका माशासाठी चार नद्या पालथ्या घालणाऱ्या स्पेशलिस्टाकडे बहुधा कोणताच पट्टा नसतो, शिवाय त्याचे गाऱ्हाणे कित्येकदा कारखान्यापेक्षा मासे घरी नेणाऱ्या दुसऱ्या गळवाल्याविरुद्ध असते. त्यामुळे 'स्पेशलिस्ट अँग्लर्स अलायन्स'सारख्या वेगळ्या संघटनेची गरज भासली, आणि 2009 मध्ये ती इतर संस्थांसह 'अँग्लिंग ट्रस्ट'मध्ये विलीन झाली, तर ईस्टवुड यांच्या संस्थेचे न्यायालयीन काम 'फिश लीगल' या नावाने चालू राहिले. 2010 च्या उपविधींनी इंग्लंडच्या नद्यांतून दिवसाला 65 सेंटीमीटरपर्यंतचा एकच पाइक नेण्याची मुभा ठेवली, म्हणजे अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्यांना संरक्षण मिळाले. स्पेशलिस्टांच्या भूमिकेचा याहून स्पष्ट ठसा कायद्यात क्वचितच सापडेल. मात्र 15 मार्च ते 15 जून या नद्यांवरील बंदीकाळाबाबत, ज्याचे मूळ 1878 च्या कायद्यात आहे, या वर्गाचेच एकमत नाही. तळी आणि कालवे बहुतांशी या बंधनातून मुक्त झाल्यानंतर नदीच का बंद, असे काही विचारतात, तर विणीवर आलेल्या बार्बेलला त्रास नको असे इतर म्हणतात. प्रतिनिधी संस्थेची खरी कसोटी अशा वेळी लागते, कारण समोर दोषी कारखाना नसतो.

अलीकडच्या लढ्यांचा रोख प्रदूषकाइतकाच नियामकावर आहे. खासगी पाणीकंपन्यांनाही पर्यावरणविषयक माहिती देण्याचे बंधन लागू शकते का, हा 'फिश लीगल'ने उपस्थित केलेला प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि 2013 च्या निकालानंतर ब्रिटिश न्यायाधिकरणाने 2015 मध्ये त्या कंपन्यांना हे बंधन लागू असल्याचे ठरवले. यॉर्कशायरमधील कोस्टा बेक या ओढ्यासाठी पिकरिंगच्या मंडळाने थेट सरकारला आव्हान दिले. खोऱ्याच्या आराखड्यात पाणी सुधारण्याचे उद्दिष्ट होते, पण त्या विशिष्ट ओढ्यासाठी नेमके कोणते उपाय योजायचे याचा पत्ता नव्हता, आणि असा मोघम आराखडा कायद्याला पुरेसा नाही, असे उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवले. सरकारचे अपील 2025 मध्ये फेटाळले गेले, आणि ओढ्यागणिक उपाय मांडण्याचे बंधन कायम राहिले.