कान शिराळ्याचा

भारतात आणि जर्मनीत घरची वीज एकाच गतीने धावते, सेकंदाला ५० आवर्तनं. त्यामुळे बर्लिनमधल्या माझ्या स्वयंपाकघरातला फ्रीज आणि शिराळ्यात आमच्या माजघरातला फ्रीज एकाच सुरात गुणगुणतात. अमेरिकेतल्या मराठी मित्रांना हे सुख नाही. तिथली वीज ६० आवर्तनांची. आपल्या फ्रीजचा सूर षड्ज मानला, तर त्यांचा फ्रीज बरोबर कोमल गंधारावर लागतो. रात्री उशिरा कामावरून आलो आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात उभा राहिलो, की त्या एका सुरापुरता मी घरी पोचलेला असतो.

पोटापाण्याचं काम डबिंगचं. जर्मन प्रेक्षक परदेशी चित्रपट बहुतेक जर्मनमध्येच ऐकतो, आणि या डबिंगचं मोठं केंद्र बर्लिन. प्रसंगाचे लहान लहान तुकडे करायचे, नटाने काचेपलीकडे उभं राहून एकेक तुकडा पडद्याकडे बघत म्हणायचा, मी काचेअलीकडे कान लावून बसायचं. प, ब, म ही ओठ मिटणारी अक्षरं पडद्यावरचे ओठ मिटतील तिथेच पडली पाहिजेत. बाकीच्या अक्षरांत थोडं सरकून घेता येतं, या तिघांत नाही. श्वास कुठे ठेवायचा, कुठे काढायचा यावर दिग्दर्शकाशी माझी तासन्‌तास चर्चा चालते. सगळे श्वास काढून टाकले की माणूस यंत्रासारखा बोलू लागतो, हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी मी भांडतो.

हे काम मी शिकलो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात. इथले सहकारी विचारतात, तुमच्याकडे ही परंपरा कधीपासूनची? तेव्हा मी त्यांना विष्णुपंत दामल्यांचं नाव सांगतो. १९३२ साली प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला, त्याच्या आवाजाची बाजू दामल्यांनी सांभाळली. मग राजकमल स्टुडिओतले ध्वनिमुद्रक मंगेश देसाई. बर्लिनच्या लोकांना नॉयमान कंपनीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. ती कंपनी १९२८ साली याच शहरात सुरू झाली आणि तिचा १९६७ सालचा यू ८७ हा मायक्रोफोन आजही मुंबईपासून इथपर्यंत स्टुडिओ-स्टुडिओत टांगलेला दिसतो. पण बोलपटाचा आवाज आपल्या कोल्हापुरात माणसांनी स्वतः प्रयोग करत उभा केला, हे सांगताना माझाही आवाज थोडा चढतो.

असा मायक्रोफोन माणसाच्या पोटातलंही ऐकतो. सकाळी अकराच्या सुमाराला नटाच्या पोटात गुडगुड सुरू झाली की चांगला तुकडा वाया जातो. म्हणून आमच्याकडे कुणी उपाशी येत नाही. तोंड कोरडं पडलं की जिभेचा चटचट असा आवाज येतो, त्यावर आंबट हिरवं सफरचंद हा जुना उपाय. स्टुडिओच्या स्वयंपाकघरात हिरव्या सफरचंदांची परडी कायम भरलेली असते.

दुपारी बाकीचे पाव आणि चीज खातात, मी डबा उघडतो. भाकरी, वांगं, कांदा-लसणाची चटणी. ज्वारीचं पीठ इथे भारतीय दुकानात मिळतं, पण कधी दळलेलं कोण जाणे. विरी गेलेली असते आणि थापताना कडा फाटतात. मग उकळत्या पाण्याने उकड काढून मळावं लागतं. इलेक्ट्रिक शेगडीला जाळ नाही, म्हणून भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची. वांगी, मिरच्या, कोथिंबीर मायबाखउफरच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरणाऱ्या तुर्की बाजारातून आणतो. तिथली कोथिंबिरीची जुडी बघितली की शिराळ्याच्या आठवडी बाजारातली बाईसुद्धा मान डोलावेल. चटणी मात्र घरची. वैशाखात मिरच्या वाळवून, मसाला भाजून, कांडपावर कुटून आणलेली. आईचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, “चटणी हाय का संपली रं?” संपत आली आहे असं सांगितलं, की गावाहून येणारं कोण आहे याचा शोध दुसऱ्या मिनिटाला सुरू होतो.

रविवारी भाकरी थापतो ती हात थोडा हलका ठेवून, कारण रविवार इथे शांततेचा दिवस आहे. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या पेटीत टाकायच्या नाहीत. रोज रात्री दहा ते सकाळी सहासुद्धा तसंच. गावाकडून आलेल्या काहींना हा जाच वाटतो. मला हा नियम मनापासून आवडतो. शांतता ही सगळ्यांच्या मालकीची आहे आणि ती एकट्याने खर्च करायची नसते, हे या शहराने रोजच्या वागण्यात मुरवलं आहे.

आपल्याकडे नियम नाही असं मात्र कुणी समजू नये. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. जर्मनीत साधारण निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४०. दिवसाचा आकडा एकच आहे. कागदावर शिराळा आणि बर्लिन शेजारी शेजारी बसतात.

आता नागपंचमी. बत्तीस शिराळ्याचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते या सणामुळे. अंबामातेच्या देवळापर्यंत जिवंत नाग नेण्याची जुनी प्रथा होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि २०१४ साली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तो आमच्या गावातही कसोशीने लागू झाला. त्यावर गावात आजही तावातावाने बोललं जातं. मला आठवतो तो त्या दिवशीचा घरातला आवाज. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाचे दिंड करायचे ते वाफेवर. म्हणजे विळीची करकर नाही, तव्याची चरचर नाही, फोडणीचा तडतडाट नाही. एरवी पहाटेपासून आवाज करणारं स्वयंपाकघर त्या दिवशी नुसतं वाफ सोडत असतं आणि आई लाह्या पाखडते तेवढाच काय तो सळसळाट. आणि दाराबाहेर गावाचा वर्षातला सगळ्यात मोठा आवाज.

तो आवाज लहानपणी हलगीचा होता. हलगी, घुमकं, कैताळ. हलगी वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, कातडं ताणलं जातं आणि मग तिचा कडकडाट असा सुटतो की वरच्या आळीला मिरवणूक कुठे पोचली ते खालच्या आळीला नुसतं ऐकून कळतं. वाजवणाऱ्याच्या एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. काडीची ती थरथर अजून कुठल्याही मायक्रोफोनने मला हवी तशी पकडलेली नाही. आता त्या जागी ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती आल्या. ५० आवर्तनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, आमच्या माजघरापेक्षा लांब. असल्या आवाजाला दार लावून, खिडकी लावून काही होत नाही. तो भिंतीतून, जमिनीतून येतो. नागाला बाहेरचा कान नाही, पुंगीच्या हलण्यामागे तो डोलतो, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्याला आतला कान आहे, जबड्याच्या हाडातून त्याला जमिनीची थरथर कळते आणि खालच्या पट्टीतलाच आवाज त्याला सगळ्यात चांगला जाणवतो. ज्याच्या नावाचा सण, त्यालाच झोंबणारा आवाज आपण निवडला आहे.

यात मला सर्वात जास्त लागतं ते माझ्या वडिलांमुळे, आबांमुळे. शिराळा तालुक्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, तसे आबाही होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. शंभर डेसिबलच्या आसपासच्या खडखडाटात पाळ्या काढल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरणी गेली आणि आबा गावी आले, पण कान तिकडेच ठेवून आले. गोंगाटाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, ४००० आवर्तनांच्या जवळपास. स्वर शाबूत राहतात, पण स, श, क, त ही व्यंजनं गळून पडतात. म्हणून आबांना कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. लोक मग ओरडतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तेवढीच राहतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं. आईला हे कुणी शिकवलेलं नाही, ती तशीच बोलते. मी दिवसभर ओठ आणि अक्षरं जुळवत बसतो ते शिक्षण तिथूनच सुरू झालं. हलगीच्या काडीची थरथर नेमकी त्याच वरच्या पट्टीत असते. तरुणपणी हलगीवर जीव असलेल्या माझ्या बापाला आता हलगी ऐकू येत नाही, आणि डीजेचा दणका मात्र छातीत बसतो.

छंद म्हणाल तर तोही कानाचाच. एप्रिल सरता सरता बर्लिनमध्ये नाइटिंगेल गाऊ लागतात. या शहरात त्यांच्या हजाराहून जास्त जोड्या आहेत. ट्रेप्टोवर पार्कात, रेल्वेच्या रुळांकडेच्या झुडपांत, सिग्नलशेजारी. रात्री मी रेकॉर्डर घेऊन निघतो. हेन्रिक ब्रुम नावाच्या संशोधकाने इथेच मोजून दाखवलं की रहदारी जास्त तिथले पक्षी जास्त मोठ्याने गातात, आणि शनिवार-रविवारी सकाळी रस्ते शांत झाले की तेही आवाज उतरवतात. इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात प्राण्यांच्या आवाजांचा संग्रह आहे, १९५१ साली ग्युंटर टेम्ब्रॉक यांनी सुरू केलेला, लाखाहून अधिक ध्वनिमुद्रणांचा.

छंदाचा दुसरा अर्धा भाग माझी पुतणी सांभाळते. फोनवर बोलताना ॲप बोलणं तेवढं ठेवतं आणि मागचं सगळं गोंगाट समजून पुसतं. आई बोलते, पण तिच्यामागचा कुकर, चिमण्या, मारुतीच्या देवळातली घंटा काहीच येत नाही. म्हणून पुतणी फोन न करता साधं रेकॉर्डिंग करून पाठवते: पत्र्यावरचा पाऊस, एसटी स्टँडवरची घोषणा, डेअरीत कॅन आपटल्याचा आवाज, पुराच्या दिवसांतली मोरणा नदी. पोर शाळेत आहे, पण मायक्रोफोनवर वारा बसू नये म्हणून पाठ कुठे करायची हे तिला आता सांगावं लागत नाही.

जपून ठेवलेल्या आवाजांवरून आठवलं, बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथे हिंदुस्थानी युद्धकैद्यांची छावणी होती. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन अभ्यासक कैद्यांचे आवाज तबकड्यांवर आणि मेणाच्या नळ्यांवर टिपत होते. विल्हेल्म डोगेन यांनी केलेल्या तबकड्या आज हम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. त्यात ११ डिसेंबर १९१६ ला टिपलेला मल सिंग या पंजाबी शिपायाचा आवाज आहे, दोन मिनिटांहूनही कमी. तो स्वतःची गोष्ट परक्या माणसाची असल्यासारखी सांगतो: हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस होता, तो इंग्रजांसाठी लढाईला आला, जर्मनांनी त्याला धरलं, आता तो परत जाऊन तेच खाणं खाईल तर बरं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा आवाज मी हेडफोन लावून ऐकतो तेव्हा हात थंड पडतात. कैद्याच्या इच्छेविरुद्ध घेतलेलं असेल, भाषेचा नमुना म्हणून घेतलेलं असेल, पण घेतलं म्हणून तो माणूस आज लोणी मागताना ऐकू येतो. प्रत्येक आवाजासोबत डोगेन यांनी एक कागद भरून घेतला होता: नाव, जन्मगाव, आईवडील कुठले, कोणत्या भाषा येतात.

आपल्याकडेही असं काम झालं आहे आणि ते प्रेमाने झालं आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर त्या कुणालाही ऐकता येतात. ज्यांच्या नावाने कधी सातबारा निघाला नाही, अशा बाया तिथे स्वतःच्या नावागावासह गातात.

येत्या पावसाळ्यात मी भाताच्या लावणीला गावी जातो आहे. चिखलात वाकलेल्या बाया भलरीची जी गाणी म्हणतात ती पावसाच्या आवाजासकट हवी आहेत, पाऊस पुसून नव्हे. आत्याने होकार दिला आहे, पण लावण आटपल्यावर, शेताच्या बांधावर बसून. मी तिला लावण चालू असतानाच म्हणायला लावणार आहे, कारण बसून म्हटलं की दम बदलतो आणि दम बदलला की चालही बदलते. दोन हलगीवाले तयार आहेत. त्यांना गावाबाहेर मोकळ्या रानात उभं करायचं, मायक्रोफोन एक जवळ आणि एक पन्नास पावलं लांब.

तोवर शिराळा, वाळवा, पाटण इकडच्या वाचकांना एक विनंती. घरात तमाशाच्या, भजनी मंडळाच्या, लग्नातल्या, आजीच्या आवाजाच्या कॅसेटी असतील तर त्या भंगारात देऊ नका. उन्हापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब, उभ्या ठेवा. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. टेपचं हेड स्पिरिटने पुसून घ्या. संगणकावर उतरवताना वेव्ह फाइल करा, एमपी३ नको, आणि खरखर काढणारं कोणतंही बटण दाबू नका. खरखर पुढे कधीही काढता येईल, तिच्यासोबत गेलेला आवाज परत आणता येणार नाही. आणि उतरवायला सुरुवात करण्याआधी तुमच्याच आवाजात बोलून ठेवा: गाणाऱ्याचं नाव, माहेर कुठलं, सासर कुठलं, साल कोणतं.