यादीत नाव नव्हतं

खेळाडू नोंदणीचे दिवस आले की आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दोनच विषय असतात. यंदा बाहेरचा कोण आणायचा आणि घरचा कोण काढायचा. पहिल्या विषयावर सगळे मोठ्याने बोलतात, दुसऱ्यावर हळू. परवा असंच हळू बोलणं चालू होतं आणि मला एकदम रोमा आठवलं. इटलीतला क्लब. आणि दे रॉसी.

आता कोल्हापूरच्या माणसाला रोमाचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

२००६ ची वर्ल्ड कप फायनल आम्ही पंधरा-वीस जणांनी पेठेतल्या एका माडीवर बघितली. सामना पेनल्टीवर गेला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. इटलीची तिसरी पेनल्टी मारायला बावीस वर्षांचं एक दाढीवालं पोरगं आलं, दानिएले दे रॉसी. याच पोरानं त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या खेळाडूला कोपर मारून तोंड फोडलं होतं, लाल कार्ड घेतलं होतं आणि चार सामन्यांची बंदी भोगली होती. बंदी संपली ती थेट फायनलला. टोटीच्या जागी आत आला, पेनल्टी घेतली आणि जाळ्यात घातली. आमच्यातला एकजण म्हणाला, "ह्यो आपल्या पेठेतला वाटतोय." झालं. त्या रात्रीपासून आम्ही पाच-सहाजण रोमाचे झालो.

पुढे कळलं की तो खरोखरच पेठेतला होता, फक्त रोमच्या. रोममध्येच जन्मलेला, वडील रोमाच्याच युवा संघाचे प्रशिक्षक. २००१ मध्ये पहिल्या संघाकडून खेळला आणि २०१९ पर्यंत दुसऱ्या क्लबचा शर्ट अंगावर घातला नाही. ६१६ सामने. एवढ्या वर्षांत लीगचं एकही विजेतेपद नाही. रोमानं शेवटची लीग जिंकली ती २००१ च्या उन्हाळ्यात, म्हणजे हा यायच्या काही महिने आधी. दोनदा इटालियन कप आणि एकदा सुपर कप, एवढीच कमाई. टोटी कॅप्टन होता तोवर याला 'भावी कॅप्टन' म्हणायचे. टोटी २०१७ ला थांबला, तेव्हा कुठे दंडावर पट्टी कायमची आली. तेव्हा हा भावी कॅप्टन चौतिशीत पोचला होता!

माणूस संत नव्हता, लाल कार्डं भरपूर घेतली. पण एक प्रसंग बघा. नोव्हेंबर २०१७, स्वीडनविरुद्ध जिंकलं नाही तर इटली वर्ल्ड कपच्या बाहेर. बाकावरून याला आत जायची तयारी करायला सांगितलं, तर हा चिडून म्हणाला, आपल्याला जिंकायचंय, बरोबरी नकोय, मला कशाला पाठवता, आणि शेजारी बसलेल्या इन्सिनियेकडे बोट दाखवलं. स्वतः बचावाचा खेळाडू, म्हणून स्वतःला बाजूला करत होता. अशा माणसाला 'आता तुझी गरज नाही' हे समजावून सांगणं अवघड असायला नको होतं. नीट सांगितलं असतं तर.

१४ मे २०१९ ला क्लबनं जाहीर केलं की करार वाढवणार नाही. क्लबचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. वय पस्तीस, त्या मोसमात दुखापतींमुळे बरेच सामने बाहेर, पगार मोठा. ऑफिसात काम द्यायची तयारीही त्यांनी दाखवली. त्याला मात्र अजून खेळायचं होतं. पत्रकार परिषदेत त्यानं शांतपणे सांगितलं की मी कारभारी असतो तर स्वतःचा करार वाढवला असता. आदळआपट नाही, शिव्या नाहीत. अठरा वर्षांचा हिशोब, आणि ठरलं ते मोसम संपायला दोन आठवडे असताना सांगितलं.

रोम पेटलं. बॅनर लागले, लोक क्लबच्या ऑफिसबाहेर जमले. रोष मुख्यतः मालकावर, जेम्स पलोटावर. तो बोस्टनचा, रोमला क्वचित यायचा. २६ मे ला पार्माविरुद्ध शेवटचा सामना झाला, भर पावसात. रोमानं २-१ जिंकला. आम्ही मोबाईलवर अडखळत अडखळत बघितला. सामन्यानंतर दे रॉसी दक्षिणेकडच्या गॅलरीपुढे गेला. कुर्व्हा सूद म्हणतात तिला, कट्टर चाहत्यांची जागा. तिथं गुडघ्यावर बसून त्यानं मैदानाचं चुंबन घेतलं. माझ्या शेजारी बसलेला गडी सुतारकाम करतो, कधी कुणासाठी रडलेला मी बघितला नव्हता. तो उठून बाहेर गेला. पुढच्याच महिन्यात टोटीनंही क्लबातलं पद सोडलं. रोमाला रोमच्या माणसांपासून तोडायचं चाललंय, असं त्याचं म्हणणं.

काही महिने बोका ज्युनियर्सकडून खेळून दे रॉसीनं जानेवारी २०२० मध्ये निवृत्ती घेतली. त्याच महिन्यात रोमा-लॅझिओ सामना होता. हा पठ्ठ्या खोटं नाक, पांढरे केस लावून, म्हाताऱ्याचा वेश करून त्याच कुर्व्हा सूदमध्ये जाऊन बसला आणि सामना बघितला. कुणी ओळखलं नाही. बायकोनं नंतर व्हिडिओ टाकला तेव्हा जगाला कळलं. आम्ही तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल! काढून टाकलेला माणूस वेश बदलून का होईना, पण आपल्याच गॅलरीत येऊन बसतो. क्लब त्याचा होता की नाही, सांगा.

पुढे क्लब विकला गेला. बोस्टनच्या जागी टेक्सासचे फ्रीडकिन आले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी मोरिन्योला काढलं आणि दे रॉसीला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. नवव्या नंबरवरचा संघ त्यानं सहाव्यावर आणला. जूनमध्ये तीन वर्षांचा करार झाला. आणि १८ सप्टेंबरला, नव्या मोसमाचे फक्त चार सामने झाल्यावर, त्याला काढलं. तीन बरोबरी, एक हार. तीन वर्षांची शाई तीन महिन्यांतच वाळली.

चार दिवसांनी घरच्या सामन्यात कुर्व्हा सूद पहिला अर्धा तास रिकामी राहिली. संघ ३-० जिंकला तरी जल्लोष नाही. त्याच दिवशी क्लबच्या मुख्य अधिकारी बाईंनी राजीनामा दिला. त्यांना आणि त्यांच्या मुलांना धमक्या आल्यामुळे पोलीस संरक्षण दिल्याच्या बातम्या तिकडच्या पेपरात होत्या.

इथं मी थांबतो. रिकामी गॅलरी मला मान्य आहे. तिकीट काढून आत न जाणं हा चाहत्याच्या हातातला सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात झोंबणारा निषेध आहे. पण कुणाच्या लेकरांपर्यंत पोचणारा राग हा प्रेमाचा भाग नाही. दे रॉसीवरच्या प्रेमाचा तर नाहीच.

तेव्हा मी याच ठिकाणी एक झणझणीत पोस्ट लिहिली होती. परदेशी मालक, पैशाची मस्ती, लोकांचा क्लब लोकांना परत द्या वगैरे. जर्मनीचं उदाहरण दिलं होतं. तिकडे '५० अधिक १' असा नियम आहे, बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडेच राहतं, पैसेवाला कितीही मोठा असो. मालक आपणच असलो की असं होणार नाही, हे माझं शेवटचं वाक्य होतं. तुम्हा लोकांना ते लई आवडलं होतं.

आता जे त्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं ते सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या संघानं आमचा स्टॉपर काढला. संघाचं नाव घेत नाही, त्याचंही नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका, कारण प्रत्येक पेठेत असा एकजण आहे. चौदा मोसम आमच्याकडून खेळला. उद्यमनगरात कारखान्यात सकाळची पाळी करून दुपारी शाहू स्टेडियमवर यायचा. दुसऱ्या पेठेनं जास्त पैसे देऊ केले तरी गेला नाही. गुडघा गेला होता, वेग कमी झाला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या जागी बाहेरचा खेळाडू घ्यायचं ठरलं. बैठकीला आम्ही सातजण होतो. सातवा मी.

कुणीतरी विचारलं, "त्याला सांगणार कोण?" सगळ्यांनी मोबाईल बघितले. मी पण. मग यादी झाली, नोंदणी झाली, कुणीतरी यादीचा फोटो ग्रुपवर टाकला. विषय संपला.

आमच्या तालमीचा मालक बोस्टनला राहत नाही. टेक्सासलाही नाही. आम्हीच मालक. वर्गणी आम्ही गोळा करतो, बैठक आमच्याच माडीवर होते आणि त्याचं घर तिथून दोनशे पावलांवर आहे. पलोटाला रोमला यायला समुद्र ओलांडावा लागायचा, मला एक बोळ ओलांडायचा होता. मी दीड वर्ष तो ओलांडला नाही. समोरून तो दिसला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो.

ती झणझणीत पोस्ट टाकल्यानंतर महिनाभरानं त्यानंच मला टपरीवर गाठलं. म्हणाला, "दादा, रोमावरचं वाचलो. भारी लिवलाय." मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. मग चहा घेता घेता म्हणाला, "तुमी हुतासा नव्हं बैठकीत?" मी हो म्हटलं. "मला काढलासा त्याचं काय न्हाई. गुडघा माझा, मलाच कळतोय. पण पोरगं शाळेतनं रडत आलं. वर्गातली पोरं म्हणली त्येला, यादीत तुझ्या बाचं नाव न्हाई. मला ठावंच नव्हतं हो. मी त्येला म्हटलं, चुकून ऱ्हायलं असंल."

चहाचे पैसे त्यानंच दिले. मला देऊ दिले नाहीत.

तेव्हापासून मी मालक कोण, परदेशी की देशी, हे जरा कमी बोलतो. क्लब सभासदांचा असावा, हे माझं मत आजही तेच आहे. पण सभासद मालक झाला म्हणून आपोआप माणूस होत नाही, हे मला माझ्याच बैठकीत कळलं. कुठल्याही खेळाडूला कधीतरी थांबवावं लागतं. रोमाला २०१९ मध्ये लागलं असेल, आम्हालाही लागलं. संघ जिंकण्यासाठी असतो, पेन्शन देण्यासाठी नाही, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्यानं चौदा वर्षं दिली त्याला ते पहिल्यांदा आपल्या तोंडून कळावं, लेकराच्या तोंडून नव्हे. आणि शेवटचा सामना शेवटचा आहे हे ठाऊक असताना त्याला तो खेळता यावा, म्हणजे गॅलरीला उठून उभं राहता येईल. रोमाच्या लोकांना निदान पावसात तेवढं तरी मिळालं. आमच्या पेठेनं त्याला हलगी वाजवून निरोप दिलाच नाही, कारण शेवटचा सामना कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं.

येत्या रविवारी यंदाच्या यादीची बैठक आहे. हळू आवाजात दोन नावं चालली आहेत. पैकी एकाला मी लहान असल्यापासून बघतोय. कदाचित त्याला काढणं बरोबरही असेल. पण यादी वाचायच्या आधी मी उठून विचारणार आहे, याच्या घरी कोण जाणार? कुणी हात वर केला नाही तर मी जाईन. आणि बैठकीच्या आधी मला त्या बोळातून आमच्या स्टॉपरकडे जायचं आहे. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी मैदानावर त्याचा सत्कार करू दे, एवढं विचारायला. नको म्हणाला तर तेही ऐकून घ्यायला.

तुमच्याही पेठेत असा एकजण असणारच. इथं त्याचं नाव लिहू नका. त्याच्या घरी जाऊन या.